भटूआप्पांचा आडवा धागा

भटूआप्पांची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा मी त्यांना प्रयोगशाळेबाहेर काढले होते. सुरतेतल्या आमच्या वस्त्रसंशोधन संस्थेत मी तपासणी विभागाची प्रमुख म्हणून नुकतीच रुजू झाले होते. धागा किती ताणल्यावर तुटतो हे मोजायचे, तर खोलीतली हवा कायम एकसारखी लागते. त्यामुळे दार उघडे टाकणाऱ्याची मी गय करीत नसे. अशा त्या खोलीत एक दिवस, तेलाने माखलेले हात पाठीमागे धरून एक गृहस्थ आत शिरले आणि माझ्या यंत्राकडे टक लावून उभे राहिले. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथल्या नन्सनी मला दोन गोष्टी शिकवल्या: पाठ ताठ ठेवून बसणे आणि न विचारता आत येणाऱ्याला शरमिंदे करणे. दुसरी मी जास्त चांगली शिकले. मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखे नाही. त्या गृहस्थांनी ते सगळे ऐकून घेतले आणि दारातून जाता जाता म्हणाले, "जातो बेन. पण त्या पडद्यामागे खिडकीला फट आहे. तुमचा काटा वाऱ्यानं हलतोय."

पडदा सारला. फट होती. माझा आठवडाभराचा तपासणी अहवाल केराच्या टोपलीत गेला.

दुसऱ्या दिवशी मी माफी मागायला विणकामाच्या शेडमध्ये गेले. ते मागाखाली आडवे झाले होते आणि बाहेर फक्त दोन पाय दिसत होते. मी त्या पायांची माफी मागितली. आतून आवाज आला, "बेन, तो बारा नंबरचा पाना द्या जरा." मी दिला. अशी आमची ओळख झाली.

ते पाय श्री. भटू हिलाल महाजन यांचे. खानदेशातल्या केळीच्या पट्ट्यात त्यांचा जन्म झाला. मिसरूड फुटायच्या वयात ते सुरतेला आले, कडोदऱ्याच्या मागांवर वाढले आणि पुढे आमच्या संस्थेत माग दुरुस्त करणारे फिटर म्हणून लागले. डिंडोलीत, म्हणजे सुरतेतल्या त्यांच्या वस्तीत, त्यांना सगळे आप्पा म्हणतात. पुढे मीही म्हणू लागले. ते मात्र मला आजही "बेन", म्हणजे ताई, म्हणतात, आणि फार राग आला की "मॅडमबेन".

आप्पांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी लिहा, असे समितीचे पत्र मला आले. पत्रात विषयही सुचवला होता: 'संशोधनकार्यात आप्पांनी केलेले मोलाचे सहकार्य'. ते वाचून माझा चहा तसाच राहिला. सहकार्य आम्ही केले. संशोधन आप्पांनी केले. समितीला मी दोष देत नाही. कागदोपत्री जे आहे तेच तिने उचलले. पण तो कागद लिहिणाऱ्यांत पहिली मी होते. म्हणून हा लेख जितका गौरवाचा, तितकाच दुरुस्तीचा आहे. वाचकांनी तो तसाच वाचावा.

आता आप्पांनी केले काय, हे सांगते. ज्याला आपण सर्रास 'फायबर' म्हणतो, म्हणजे बसमधल्या खुर्चीची पाठ, पाण्याची टाकी, गाडीचा बंपर, त्याच्या आत बहुधा काचेचे तंतू असतात आणि त्यांना घट्ट धरून ठेवणारे रेझिन असते. भिंतीच्या मातीत काड घालतात ना, तसेच. माती आकार देते, काड तडा जाऊ देत नाही. काचेचे हे काड मजबूत खरे, पण ते बनवायला भट्टी पेटवावी लागते, कापताना अंगाला खाज सुटते, आणि टाकाऊ झाल्यावर त्याचे काय करायचे हे कुणाला नीट ठाऊक नाही. त्या काचेच्या जागी वनस्पतीचे तंतू घालता आले तर? ताग, अंबाडी, घायपात, केळी. हा विषय जगभर चालू होता. आमच्या मोठ्या साहेबांनी एका परिषदेत तो ऐकला आणि परत येऊन जाहीर केले की आपण केळी घ्यायची. कामरेजकडच्या बागांमध्ये घड उतरवल्यावर केळीचे बुंधे नुसते बांधावर पडून सडतात, त्यांच्यातून वाख, म्हणजे लांब तंतू, निघतो. कल्पना चांगली होती. चांगली कल्पना परिषदेतून आली म्हणून मी तिला नावे ठेवणार नाही.

वाख आला. त्यापासून सूत कातायचे, सुताचे कापड विणायचे, कापडाचे थर रेझिनमध्ये भिजवून गरम प्रेसखाली दाबायचे, की झाला पत्रा. कापडाचे काम आप्पांकडे, रेझिनचे आणि तपासणीचे माझ्याकडे.

इथे आम्ही सगळ्यांनी मिळून एक चूक केली, आणि ती सुरतेतच होऊ शकली असती. अख्खे शहर कापडावर जगते. इथल्या कुणालाही विचारा, चांगले सूत कोणते? भरपूर पिळाचे. ताण्याचे, म्हणजे उभे, सूत मागावर तुटू नये म्हणून काय करायचे? त्याला खळ पाजायची. आप्पांनी तेच केले. वाखाला असा काही पीळ दिला, अशी काही खळ चढवली की मागावर एक धागा तुटला नाही. कापड तर इतके देखणे उतरले की मोठ्या साहेबांनी त्याचा एक तुकडा आपल्या टेबलावर अंथरला. मी पत्रा दाबला. वरून तोही झकास दिसत होता.

बसच्या खुर्च्या बनवणाऱ्या एका कारखान्याचे लोक तो पाहायला आले. त्यांच्यातले एक वजनदार गृहस्थ म्हणाले, "मशिन राहू द्या, आमची स्वतःची टेस्ट आहे." पत्रा दोन विटांवर ठेवून ते त्याच्यावर उभे राहिले.

पत्रा पापडासारखा मोडला.

मोडलेल्या कडेतून सुताची टोके कोरडी ठाक बाहेर आली होती, जणू रेझिन त्यांच्या वाटेलाच गेले नव्हते. पाहुणे चहा न घेता निघून गेले. मोठे साहेब माझ्याकडे वळले. "रेझिन चुकलं." मी आप्पांकडे वळले. "कापड चुकलं." आप्पा कुणाकडेच वळले नाहीत. खाली वाकून त्यांनी सगळे तुकडे गोळा केले, बारीक कपचेसुद्धा, कापडी पिशवीत भरले आणि घरी नेले.

आम्ही दोघे साहेब लोक दोन दिवस एकमेकांना चिठ्ठ्या लिहून दोष देत बसलो. तिसऱ्या दिवशी आप्पा आले. हातात दोन वाट्या, दोन्हींत पलसाण्याच्या कापड रंगवण्याच्या कारखान्यातून आणलेले लाल रंगाचे पाणी. एकीत पीळ दिलेले, खळ लावलेले आमचे देखणे सूत; दुसरीत बुंध्यातून निघाला तसा मोकळा वाख. त्यांनी दोन्ही बाहेर काढून ब्लेडने आडवे कापले आणि माझ्यासमोर धरले. मोकळा वाख आतपर्यंत लाल. सूत वरून लाल, आत पांढरे.

"बेन, आपण त्याचं तोंड शिवलं आणि मग म्हणतो, पाणी का पीत नाही."

मी चष्मा काढून पुसला. पाहण्यासारखे काही उरले नव्हते, तरीही पुसला. संस्थेत परदेशी सूक्ष्मदर्शक होता. त्याच्यावरचे कव्हर काढायचेसुद्धा आम्हाला सुचले नव्हते.

"म्हणजे पीळ नको?" मी विचारले.

"पीळ नको, खळ नको. वाख सरळ झोपला पाहिजे. घरी आम्ही केळीच्या सोपानं, बुंध्याच्या सालीच्या दोरीनं, फुलांचे हार बांधायचो. सोप सरळ ओढला तर हाताला कापतो पण तुटत नाही. गाठ मारली की गाठीतच तुटतो. त्याची सगळी ताकद सरळपणात आहे."

"पण पीळ आणि खळ नसलेलं सूत मागावर टिकेल?"

"ताण्यात? अर्धी वीतसुद्धा नाही."

म्हणजे अडचण अशी: मागाला हवा तो धागा रेझिनला नको, रेझिनला हवा तो मागाला नको. मोठ्या साहेबांनी ठरवले की हे काम होण्यासारखे नाही. फाइल बंद करून टाका. आप्पांनी मात्र शेडच्या कोपऱ्यातला एक मोडका माग मागून घेतला आणि जेवणाच्या सुट्टीत त्याच्याशी खटपट सुरू केली. मी अधूनमधून डोकावत असे. मला काही सांगत नसत. "झालं की सांगतो" एवढेच.

महिनाभराने बोलावणे आले. मागावर ताणा म्हणून, म्हणजे उभे धागे म्हणून, अगदी बारीक कापसाचे सूत लावलेले, तेही विरळ, फणीच्या दातांसारखे दूर दूर. आणि केळीचा वाख त्यांनी आडवा घातला होता, बाण्यात. बांबूच्या एका चपट्या काडीने हातभर लांबीची एकेक जुडी हळूच आत सरकवायची, सरळ झोपवायची, पुढची घ्यायची. आडव्या धाग्याला मागावर ताण जवळजवळ नसतोच. मग त्याला पीळ कशाला आणि खळ कशाला? उभ्या सुताचे काम फक्त त्याला जागेवर धरण्याचे.

"पण आप्पा, आपल्याला ताकद उभी हवी आहे," मी म्हणाले. शिकलेल्या माणसाचा प्रश्न होता तो.

आप्पांनी कापडाचा तुकडा कापला, माझ्या टेबलावर ठेवला आणि बोटाने पाव फेरा फिरवला. "झालं उभं."

माझ्या नोकरीत मी पुष्कळ हुशार माणसे पाहिली. बहुतेकांनी आपली हुशारी मला स्वतःच सांगितली. टेबलावरचा तो पाव फेरा मात्र मी विसरू शकत नाही. आडव्याला आडवेच म्हणत आम्ही महिनाभर रडत होतो, आणि या माणसाने कापड फिरवले.

वाखाच्या त्या जुड्या फितीसारख्या सपाट आणि विंचरलेल्या होत्या. एकही केस वेडावाकडा नाही. हे मी तेव्हा पाहिले. कुणी विंचरल्या, हे विचारायचे मला सुचले नाही. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी; मी विसरले होते.

पुढे अडचणी आल्याच. पावसाळ्यात सुरतेची हवा इतकी ओली की वाख बसल्या जागी पाणी पितो. प्रेसखाली त्या पाण्याची वाफ होते आणि पत्र्याला फोड येतात. आप्पांनी एका जुन्या लोखंडी कपाटात बल्ब लावून वाख वाळवण्याची सोय केली. वाळला की नाही हे ते गालाला लावून सांगत. मी हसायची. मग एकदा मी हट्टाने माझे ओलावा मोजायचे यंत्र घेऊन बसले आणि दहा जुड्या त्यांच्यासमोर मांडल्या. दहाही वेळा गाल बरोबर निघाला. मग आणखी एक जुडी घेतली, तर गाल आणि यंत्र यांचे पटेना. तपासले तेव्हा यंत्राची बॅटरी उतरली होती.

त्या वेळी मोठ्या साहेबांनी आपल्या पद्धतीने फाइल पुन्हा उघडली, म्हणजे ती कधी बंदच केली नव्हती असे सांगितले. नवीन पत्रा यंत्रावर वाकवायच्या दिवशी आप्पा माझ्या शेजारी उभे होते. आता त्यांना त्या खोलीत यायला माझी परवानगी लागत नव्हती. काटा मागच्या पत्र्याच्या आकड्यावर आला, पुढे गेला, आणखी पुढे गेला. मी मान वर केली, तर आप्पांनी डोळे गच्च मिटलेले. मी म्हणाले, "उघडा. अजून मोडला नाही." ते म्हणाले, "मोडला की सांगा, तेव्हा उघडतो." तो मोडला, पण अवकाशाने, आणि मोडलेल्या कडेला एकही तंतू कोरडा नव्हता.

आप्पांच्या सचोटीबद्दल या ग्रंथात पुष्कळ जण लिहितील. मी दोनच प्रसंग सांगते. एक मोठे पाहुणे आले होते. आमचा पत्रा हातात घेऊन त्यांनी विचारले, "याच्यावर शंभर टक्के नैसर्गिक असं छापायला हरकत नाही ना?" मोठे साहेब "नाही, नाही" म्हणत असतानाच मागून आप्पा बोलले, "हरकत आहे साहेब. अर्धं केळीचं, अर्धं डब्यातलं रेझिन. डब्यातलंही झाडापासून व्हायला लागलं की मग शंभर छापू." पाहुण्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. नंतर साहेबांच्या खोलीत आप्पांना जे ऐकावे लागले ते दार बंद असूनही जिन्यापर्यंत ऐकू येत होते. आज पर्यावरणाच्या नावाखाली हिरव्या रंगात काय वाटेल ते छापणाऱ्यांना मी त्या जिन्यावर उभे करीन.

दुसरा प्रसंग शिडीचा. एका उत्साही माणसाला या पत्र्याच्या शिड्या बनवायच्या होत्या. साहेबांनी होकार दिला. आप्पा म्हणाले, "एक पावसाळा थांबा." त्यांनी पत्र्याचे तुकडे घरी न्हाणीघरातल्या बादलीत भिजत घातले आणि दर पंधरा दिवसांनी एकेक माझ्याकडे तपासायला आणला. ताकद उतरत गेली. "खुर्चीची पाठ चालेल, छताची आतली बाजू चालेल. माणूस ज्याच्यावर चढून उभा राहणार ते नको," हा त्यांचा निकाल. त्या चार महिन्यांत मी एकदा त्यांच्या घरी गेले होते. त्यांच्या पत्नी सिंधूबाई, म्हणजे आमच्या वहिनी, अस्सल अहिराणीत कडाडल्या: "आंग धोवाले बादली नही, अन् ह्यास्ना तुकडास्ले बादली शे!" आप्पा मला हळूच म्हणाले, "बेन, दुसरी बादली आणली आहे. पण हिला ती नकोय, हीच पाहिजे."

आता मला अवघड वाटणाऱ्या भागाकडे येते.

या कामावर आम्ही इंग्रजीत निबंध लिहिला आणि तो एका नियतकालिकाने स्वीकारला. नावे तीन: माझे पहिले, मोठ्या साहेबांचे दुसरे, रेझिन पुरवणाऱ्या तज्ज्ञांचे तिसरे. आप्पांचे नाव शेवटी, आभारांच्या ओळीत, 'तांत्रिक साहाय्याबद्दल'. साहेब म्हणाले होते, "फिटरचं नाव लेखक म्हणून? लोक हसतील." मी वाद घातला का? घातला. दोन वाक्ये. मग गप्प बसले, कारण माझे नाव पहिले होते. निबंधाची भाषा माझी. 'वाख आडवा घालण्यात आला', 'कापड फिरवण्यात आले' असे मी फार सफाईने लिहिले. इतकी वर्षे लोकांना फाडून बोलणारी मी, त्या पानावर कुणाचे नाव घ्यायची वेळ आली तेव्हा अशी मवाळ झाले.

त्याच सुमारास माझे यजमान शेवटच्या आजारात इस्पितळात होते. आप्पा रोज दुपारी डबा घेऊन येत. "बेन, घरी जाऊन पडा दोन तास, मी बसतो" म्हणत आणि स्टुलावर बसत. माझे यजमान बँकेतले. कापडाचा त्यांना गंध नव्हता. पण आप्पांनी त्यांना माग समजावून सांगायला सुरुवात केली. अगदी शेवटी शेवटी ते पांघरुणाची कड डोळ्यांजवळ धरून मला सांगायचे, "ह्याचा ताणा विरळ आहे बघ." त्या दिवसांत ते हसले असतील तर आप्पांमुळे.

छापील निबंध पोचला तो तिथेच, इस्पितळाच्या पत्त्यावर. आप्पा स्टुलावर होते. "आपलं छापून आलं?" म्हणत त्यांनी पँटला हात पुसून तो घेतला. इंग्रजी वाचता येत नव्हते, म्हणून फोटो पाहत गेले. एका फोटोवर बोट थांबले.

"बेन, हा आडवा छापलाय. यात वाख ताण्यात दिसतो."

आमच्यापैकी कुणाच्याच ते लक्षात आले नव्हते. ना माझ्या, ना साहेबांच्या, ना संपादकांच्या.

मग त्यांनी विचारले, "माझं नाव आहे का यात?"

मी शेवटची ओळ दाखवली. त्यांनी ती बराच वेळ पाहिली. अक्षर बारीक होते. मग निबंध मिटून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "छान झालंय. जेवून घ्या, भाकरी गार होईल."

मी ती भाकरी खाल्ली. इतक्या वर्षांत ती पचलेली नाही.

आप्पा निवृत्त झाले, मग मी झाले. कडोदऱ्याच्या एका शेडमध्ये आप्पा आजही आठवड्यातून तीन दिवस जातात. तिथे त्यांच्या पद्धतीने कापड विणतात आणि त्याच्या खुर्च्यांच्या पाठी होतात. कॉलेजातली मुले आमचा निबंध घेऊन त्यांच्याकडे जातात आणि त्यातले त्यांनाच समजावून सांगतात. आप्पा ऐकून घेतात. मग म्हणतात, "बरोबर. पण फोटो फिरवून बघा."

समितीचे ते 'सहकार्या'चे पत्र आले त्या दिवशी मी नियतकालिकाच्या संपादकांना लिहिले की पहिल्या लेखकाचे नाव चुकले आहे आणि फोटोही. उत्तर आले: बाकीच्या लेखकांची लेखी संमती हवी. रेझिनच्या तज्ज्ञांनी, देव त्यांचे भले करो, दोन ओळींत संमती दिली. राहिले मोठे साहेब. ते आता मुलाकडे राहतात. मी फोन केला.

"आता हे उकरून काय मिळणार?" साहेब म्हणाले.

"तुम्हाला काही नाही. म्हणून तर तुमचा वेळ घेत नाही, फक्त सही घेते."

"ते फिटर होते, बाई. संशोधक नव्हते."

"मग संशोधक कोण होतं? तुम्ही फाइल बंद केलीत, मी कापडाला शिव्या दिल्या."

"मी नाही म्हटलं तर?"

"तर माझं नाव काढून टाका असं लिहिते. का काढलं हे विचारतील, तेव्हा उत्तर तुम्ही द्या."

मग ते जे म्हणाले त्यासाठी मी त्यांना श्रेय देते, कारण श्रेय ज्याचे त्याला द्यावे म्हणून तर हा खटाटोप: "महाजनांना विचारा, नाव इंग्रजीत कसं लिहितात. आपण त्यातही चूक करायला नको."

गेल्या महिन्यात दुरुस्ती छापून आली. चार लेखक; पहिले नाव भटू हिलाल महाजन. फोटो सरळ. मी ते पान घेऊन रिक्षाने डिंडोलीला गेले. आप्पा ओट्यावर बसले होते. वहिनी आत भाजी निवडत होत्या. आप्पांनी चष्मा लावला, आधी फोटो पाहिला आणि मान डोलावली. मग मी बोटाने नाव दाखवले. त्यांनी त्याच्यावरून अंगठा फिरवला, वाखाची जुडी सरळ करतात तसा. मला वाटले, झाले. इतक्या वर्षांचे ओझे उतरले. आता चहा घ्यावा आणि घरी जावे.

मग त्यांनी विचारले, "आणि सिंधूचं?"

"वहिनींचं काय?"

"बेन, गुंतलेला वाख काडीनं आत जातो का? तो ओला असताना विंचरून, वजनाखाली सपाट वाळवायचा हे हिनं काढलं. मी महिनाभर जुळवत होतो तो मागच फक्त. जुड्या हिच्या होत्या. लाल पाण्याच्या वाट्याही हिच्या. त्या दोन्ही वाया गेल्या."

मी वहिनींकडे पाहिले. एवढी वर्षे ते घर मला माहीत होते. त्या विंचरलेल्या जुड्या मी हातात धरल्या होत्या आणि कुणी विंचरल्या हे विचारले नव्हते. ज्या गोष्टीसाठी मी साहेबांना फोनवर सोलून काढले होते, तीच मी केली होती, दुसऱ्यांदा.

"माय वं! मना नाव कसाले?" वहिनी आतून म्हणाल्या. "मी काय करं? मनी फनी तोडी टाकी ह्यास्नी, ते लिखा."

"फणी मोडली ना? मग तेच लिहायचं आहे," आप्पा म्हणाले, आणि ते पान माझ्याकडे परत केले. इस्पितळात केले होते तसेच, दोन्ही हातांनी. फरक एवढाच, की या वेळी त्यांनी "छान झालंय" म्हटले नाही.

तेव्हा या ग्रंथाच्या वाचकांसमोर लिहून ठेवते: केळीच्या वाखाचा आडवा धागा हे भटू हिलाल महाजन यांचे काम आहे, आणि तो वाख सरळ केला सिंधूबाई भटू महाजन यांनी, स्वतःच्या फणीने, जी त्यात मोडली. संपादकांना माझे दुसरे पत्र गेले आहे. ते वैतागतील, दाखले मागतील, संमत्या मागतील, आणि मोठ्या साहेबांना मला पुन्हा फोन करावा लागेल. वेळ लागणार.

म्हणून आप्पा, तुम्हाला आणि वहिनींना माझे एकच मागणे आहे. गुडघ्यांना तेल लावा, मागाखाली आता दुसऱ्या कुणाला झोपवा, गोळ्या वेळेवर घ्या आणि ठणठणीत राहा. ते पान तिसऱ्यांदा छापून येईल, तेव्हा मी ते घेऊन तुमच्या ओट्यावर येणार आहे. त्या दिवशी तुम्ही दोघांनी मिळून ते वाचायचे आहे आणि आणखी कुणाचे राहिले का, ते मला सांगायचे आहे. तोवर कुणालाही रजा मिळणार नाही.